विश्रांतवाडीतली दरी

“सही कर, म्हणजे मी मोकळा,” समीर सर म्हणाले आणि रूट शीट माझ्याकडे सरकवली.

मी पेनाचं टोपण काढलं नाही.

आमची कंपनी मोटरहोम भाड्याने देते. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास. पुण्यात विश्रांतवाडीच्या यार्डात आमच्या तीन गाड्या उभ्या असतात. सगळ्यात मोठीला आम्ही ‘थोरली’ म्हणतो. लांबी साडेआठ मीटर. पाणी भरल्यावर तिला चढावर आपलं वय आठवतं.

मी रूट प्लॅनर आहे. कोणत्या रस्त्याने जायचं, कुठे थांबायचं, कुठल्या उतारावर कुठला गिअर, हे सगळं मी एका कागदावर लिहिते. ती रूट शीट. खाली माझी सही असते. कागद ड्रायव्हरच्या हातात जातो आणि गाडी अडकली की शिव्याही त्यालाच बसतात. एसीत बसलेल्या माणसाने नकाशावर बोट फिरवायचं आणि दरीच्या काठावर दुसऱ्याने घाम गाळायचा, याला माझा विरोध आहे. नोकरीला लागताना मी हे तोंडी सांगितलं होतं. सर हसले होते. त्यांना वाटलं होतं, नवीन आहे, खूळ उतरेल.

उतरलं नव्हतं.

“सर, हा घाट मी बघितलेला नाही.”

“अगं रेवती, मॅपवर निळी रेघ आहे. लाल बस जाते तिथून. बसच्या मानाने थोरली म्हणजे बाळ आहे.”

आमच्या ऑफिसचा हा जुना नियम. लाल बस जाते तिथे आपण जातो. नियम वाईट नाही. फक्त बस जाते का, हे कोणी विचारत नाही. मागच्या माणसाने सांगितलेलं असतं, त्याला त्याच्या मागच्याने.

ट्रिप होती करडेकाकांची. कसबा पेठेतले तांबट. हंडे-घागरी ठोकण्यात आयुष्य गेलं, आता दुकान मुलगा बघतो. काकूंच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेलं. अर्ध्या तासाच्या वर बसता येत नाही. डॉक्टरांनी आडवं पडून पाच तासांपर्यंतच्या प्रवासाला परवानगी दिली होती. काकूंना एकच ठिकाण गाठायचं होतं. घाट उतरून कोकणात, मोठ्या बहिणीचं गाव. चार वर्षं दोघींची भेट नव्हती; मोठीच्याने आता घाट चढवत नाही, असं काका म्हणाले होते. अक्का ऐंशी पार, काकू पंच्याहत्तरच्या पुढे. पुढल्या वर्षी बघू, असं म्हणण्यासारखं कोणाचंच वय नव्हतं.

रस्ते दोन. जवळचा घाट, घरापासून दारापर्यंत साडेचार तास. लांबचा घाट रुंद आणि सोपा, पण सात तास. डॉक्टरांच्या हिशेबात फक्त पहिला बसत होता. म्हणून सर निश्चिंत होते. घाटाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी अर्धं पुणे तिथे कणीस खात उभं राहील.

मी आधी स्वारगेटच्या बस स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीत एक गृहस्थ डबा उघडत होते.

“अमुक घाटातून बस जाते का?”

“जाते.”

“मोठी जाते का?”

“तुम्ही किती जण आहात?”

“मी एकटीच. पण मला जायचं नाहीये.”

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. “जायचं नाही, तर लहान-मोठी काय करायचीय?”

मी थोडक्यात सांगितलं. ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाले, “मोठी जायची. दरड आली तेव्हापासून मिनी जाते. पाचव्या वळणावर कठडा आत घेतलाय. आता जेवू का?”

दुसऱ्या दिवशी मी आणि इस्माईलभाई लहान गाडीने घाटात गेलो. इस्माईलभाई थोरलीचे ड्रायव्हर. घर भवानी पेठेत. बत्तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेली, बोलणं मोजून. घाटात नऊ हेअरपिन वळणं आहेत. हेअरपिन म्हणजे रस्ता केसांच्या पिनेसारखा उलटा फिरतो, आलात त्याच दिशेला तोंड करून खाली जातो. पहिली चार ठीक. पाचव्याला बाहेरची कड दरडीबरोबर गेली होती. तिथे नवा काँक्रीटचा कठडा, रस्त्यात बराच आत आलेला. इस्माईलभाईंनी गाडीतून उतरून कठड्यापाशी जाऊन खाली बघितलं, मग वर बघितलं.

“काय वाटतं?” मी विचारलं.

“वळेल.”

“खरंच?”

“तीनदा पुढे, तीनदा मागे. उतारावर. मागे काय आहे ते मला दिसणार नाही. काकू आत झोपलेल्या.” ते कठड्यावर हात पुसत म्हणाले, “वळेल की. पण मी वळवणार नाही.”

आम्ही फीत लावून वळण मोजलं. रुंदी, आतली कड, बाहेरची कड, दर दोन पावलांवर एक माप. समोरून येणाऱ्या जीपवाल्याने विचारलं, “रोड वाइडनिंग का?” इस्माईलभाई म्हणाले, “नाही, पडद्याचं माप घेतोय.”

पुण्यात परतून मी करडेकाकांना फोन केला आणि सांगितलं की जवळचा घाट जमणार नाही.

“असं कोण म्हणतं?”

“मी.”

“आपलं वय काय?”

“सव्वीस.”

“मी तेहेतीस वर्षं आमच्या मंडळाचा रथ कसब्याच्या बोळातून काढतोय. दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा असते, वर वायरी असतात आणि गॅलरीत माणसं असतात, जी सल्ला देतात. आपण घाटाचं सांगताय.”

अनुभवाला नुसता विरोध करता येत नाही, त्याला माप दाखवावं लागतं. मी म्हटलं, “उद्या अकराला यार्डात या. घाट इथेच आणून ठेवते.”

मैदानावर कबड्डीच्या रेघा मारतात ती पांढरी फक्की मी दोन पिशव्या आणली. घाटातल्या मापाने पाचवं वळण यार्डात जसंच्या तसं आखलं. आतली कड, बाहेरची कड, कठडा. कठड्यापलीकडे मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दरी’. समीर सर चहाचा कप घेऊन दारात उभे होते. ही सगळी माझी नाटकं आहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, तेही मोठ्या अक्षरांत.

काका आले ते हातात बांबू घेऊन. बांबूच्या टोकाला दोन फाट्यांची आकडी. विसर्जनाच्या मिरवणुकीत रथाच्या पुढे एक माणूस असा बांबू घेऊन चालतो आणि आडव्या येणाऱ्या वायरी उचलून धरतो. गळ्यात शिट्टी. त्यांनी थोरलीला एक प्रदक्षिणा घातली, पत्र्यावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, “पातळ आहे.”

मग त्यांनी बांबू गाडीशेजारी उभा धरला, नखाने खूण केली आणि जमिनीवर आडवा ठेवून वितीने मोजला.

“उंची किती लिहिलीय तुमच्या पुस्तकात?”

“तीन मीटर,” सर म्हणाले.

“सव्वाअकरा फूट भरतेय. म्हणजे तीन मीटरच्या वर जवळजवळ दीड फूट. वरचं खोकं कोणी मोजायचं?”

वरचं खोकं म्हणजे एसी. ब्रोशरमधली उंची एसी बसवायच्या आधीची होती. तीन वर्षं आम्ही तीच छापत होतो. मी सरांकडे बघितलं. सरांनी कपात बघितलं.

इस्माईलभाई गाडीत बसले. काकांनी शिट्टी तोंडात धरली आणि सूत्रं हातात घेतली. “घ्या, घ्या, घ्या… पुढे घ्या… आता डावी मारा… पूर्ण मारा… घ्या…”

पुढचं चाक कठड्याच्या रेघेला टेकलं. गाडी अर्धीसुद्धा वळली नव्हती.

“आता मागे या. मी बघतो.” काका मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मोटरहोमची मागची चाकं अगदी मागे नसतात. चाकांच्या मागे आणखी अडीच मीटर गाडी नुसती लटकत असते. तिला ओव्हरहँग म्हणतात, आम्ही शेपटी म्हणतो. गाडी एका बाजूला वळते तेव्हा शेपटी दुसऱ्या बाजूला फिरते. ड्रायव्हरला ती आरशात दिसते तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो.

“काका, तिथून बाजूला व्हा,” मी ओरडले. “तुम्ही दरीत उभे आहात.”

“मी दरीत नाही. मी विश्रांतवाडीत आहे.”

इस्माईलभाईंनी गाडी मागे घेत चाक फिरवलं. शेपटी कठड्याची रेघ ओलांडून बाहेर आली आणि काकांच्या दंडाला हळूच लागली. त्यांना दोन पावलं मागे सरावं लागलं. त्यांचे पाय बरोबर ‘दरी’तल्या ‘री’वर आले.

कोणी हसलं नाही. हसण्याआधी सगळ्यांनीच काकांच्या पायांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

मग ते म्हणाले, “ठीक आहे. इथे मागून ढकलावी लागेल.”

“म्हणजे?”

“रथ बोळात अडकला की आम्ही काय करतो? शेपटीखाली पहारी घालायच्या, उचलायची आणि बाजूला ठेवायची. बारा जण लागतात. माझी बारा पोरं टेम्पोतून मागे येतील. पाचव्या वळणाला उतरतील, शेपटी उचलतील, परत टेम्पोत बसतील.”

समीर सरांचा चेहरा उजळला. “कस्टमरचं स्वतःचं मॅनपॉवर आहे म्हटल्यावर…”

माझा तोल सुटला तो इथे. “सर, साडेचार टन! बारा जणांनी उताराला साडेचार टन उचलायचे, आत काकू झोपलेल्या, आणि पहार निसटली तर खाली कोणाचा पाय असेल? तुमचा की माझा? रथात मूर्ती असते, ती घाबरत नाही. माझ्या मागण्या दोनच आहेत. या शीटवर मी सही करणार नाही, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचीही सही चालणार नाही. हवं तर उद्यापासून येत नाही.”

मागण्या मोजल्यावर तीन झाल्या, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

इस्माईलभाई गाडीतून उतरले, किल्ली सरांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “ताई बरोबर बोलतात. ढकलायची असेल तर तुम्ही चालवा.”

सरांनी किल्ली गरम असल्यासारखी धरली.

काका बांबू खांद्यावर टाकून फाटकाकडे निघाले. दारात थांबून, वळून न बघता म्हणाले, “मी तिला अक्काच्या दारात नेऊन सोडतो म्हटलंय. चार वर्षं म्हणतोय.”

हे ऐकल्यावर माझ्या बाजूचं बरोबर असणं काही फार गोड लागलं नाही. जवळचा घाट मी बंद केला होता. लांबचा डॉक्टरांनी. माझ्या टेबलावर एक निर्दोष, सुरक्षित आणि निरुपयोगी फाइल होती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ट्रिप रद्द करण्याआधी पोहोचण्याच्या ठिकाणच्या माणसाला कळवायचं. फॉर्मवर काकांनी अक्कांचा नंबर लिहिला होता. मला वाटलं, भाचा किंवा सून फोन उचलेल. अक्कांनीच उचलला.

“कोण गो तू?”

मी सांगितलं. घाट, पाचवं वळण, शेपटी, सगळं. त्यांनी मध्ये दोनदा “बरं” म्हटलं.

“म्हणजे वर खिंडीपर्यंत येते तुमची गाडी?”

“खिंडीपर्यंत येते. पुण्याकडचा चढ सरळ आहे, साडेतीन तास. पुढे उतरता येत नाही.”

“मग उतरता कशाला? मी येते की वर.”

“तुम्ही? घाट चढून?”

“चढून कशाला? जीप आहे. दर गुरुवारी जाते मी खिंडीतल्या बाजाराला. सुकी मासळी देते, कांदे-बटाटे आणते.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “अक्का, दर गुरुवारी?”

“पावसाचे दिवस सोडून. खिंडीच्या पुढे नाही जात मी, पुढे गाडी लागते मला. मागे एकदा पुण्याला आले तर रस्ताभर ओकत आले.”

“पण मग काकूंना भेटायला…”

“शैला अंथरुणाला खिळलीय म्हणून सांगितलं मला. खिळलेल्या माणसाला वर बोलवायचं कसं? आणि तिला काय सांगितलंय?”

“तुमच्याने घाट चढवत नाही म्हणून.”

मग अक्का म्हणाल्या, “विनायकरावांना सांग, अंदाज बांधायला तांब्याचं भांडं नाही मी.”

हा निरोप मी करडेकाकांना थोडा सौम्य करून पोचवायचं ठरवलं होतं. कसब्यात गेल्यावर तसाच पोचवला. काकू पलंगावर आडव्या होत्या, काका खुर्चीत.

“जमणार नाही,” काका म्हणाले. “धाकटीने मोठीकडे जायचं. मोठीला यायला लावायचं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.”

“काका, त्या कांद्यांसाठी दर गुरुवारी येतातच.”

“कांद्यांचं वेगळं.”

“अहो,” काकू म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण खोलीत दुसरं काही ऐकू येईना. “मला अक्का बघायचीय. तिचं दार नाही बघायचं.”

काका उठले आणि भिंतीला टेकवलेला बांबू जरा सरळ केला. तो सरळच होता.

“गुरुवारी किती वाजता निघायचं?” त्यांनी मला विचारलं.

मी नवी रूट शीट केली. पुणे ते खिंड, तीन थांबे, एकूण साडेतीन तास. मध्ये एका गावातून जुन्या वडांखालून रस्ता जातो. फांद्या खाली आलेल्या आणि त्यात वायरी. आता खरी उंची कळल्यामुळे तिथे थोरली अडकणार, हे मला आधीच दिसत होतं. त्या ओळीपुढे मी लिहिलं, ‘येथे श्री. करडे बांबू घेऊन पुढे चालतील.’ आणि खाली सही केली. समीर सर म्हणाले, रूट शीटमध्ये असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, उंची पण कोणी मोजत नाही.

गुरुवारी सकाळी थोरली कसब्याच्या बाहेर मोठ्या रस्त्यावर उभी राहिली, कारण बोळात ती शिरत नाही. काकूंना तिथवर आणायचं कसं, हा प्रश्न होता. काकांची बारा पोरं शेवटी तिथे कामाला आली. त्यांनी काकूंना पलंगासकट उचललं आणि बोळातून वळणं घेत, एकदाही भिंतीला न लावता गाडीपर्यंत आणलं. पुढे काकांची शिट्टी. एकाने ताशा आणला होता. काकू आडव्या पडूनच म्हणाल्या, “वाजवलास तर मी उठून चालायला लागेन.” ताशा पिशवीत गेला.

वडांच्या गावात काकांनी पायी रस्ता काढला. एकेक वायर उचलायची, मान न वळवता डावा हात हलवायचा. इस्माईलभाई त्या हातावर गाडी चालवत होते. अर्ध्या किलोमीटरला वीस मिनिटं. एसीला पान लागलं, फांदी लागली नाही. चहाच्या टपरीवर इस्माईलभाई मला हळूच म्हणाले, “ताई, यांच्या हातावर मी घाटपण उतरलो असतो.” मी बघितलं तसं म्हणाले, “नसतो. पण वाटलं.”

खिंडीत बाजार भरला होता. अक्का आधीच येऊन बसल्या होत्या, शेजारी सुक्या बोंबलांची टोपली. गाडी थांबताच त्या उठल्या, पायरी चढल्या आणि सगळ्यात आधी संडासाचं दार उघडून बघितलं. “स्वच्छ आहे,” म्हणाल्या. मग पलंगाकडे गेल्या.

मी बाहेर पडले, काकाही बाहेर आले. खिडकी उघडी होती. आतून अक्कांचा आवाज आला, “सरक जरा.” गाडी किंचित हलली. दोघी एकाच पलंगावर आडव्या झाल्या असाव्यात. पुढचे तीन तास गाडीतून बोलणं, हसणं आणि बोंबलांचा वास येत राहिला. वास अजून गेलेला नाही. पुढच्या कस्टमरला आम्ही तो समुद्राचा म्हणून सांगितला.

काका कठड्याशी उभे राहून घाटाकडे बघत होते. खाली पहिली दोन वळणं दिसत होती.

“पाचवं इथून दिसत नाही,” मी म्हटलं.

“दिसायची गरज नाही,” ते म्हणाले. “मी उभा राहून आलोय तिथे.”

यातून मी जे शिकले ते फॉर्मवर छापून घेतलं. घाट मी फितीने मोजला, गाडी बांबूने मोजली, डॉक्टरांचे तास मोजले. पलीकडच्या टोकाला एक बाई दर गुरुवारी खिंडीपर्यंत येऊन उभी होती, तिला मात्र चार वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मीही ट्रिप रद्द करायची म्हणून फोन केला होता. आता आमच्या फॉर्मवर एक नवीन ओळ आहे: ‘तिकडची मंडळी किती पुढे येऊ शकतात? त्यांना स्वतः विचारून लिहावे.’ ब्रोशरमध्ये उंचीही खरी छापली आहे. सर म्हणतात, ती त्यांची कल्पना.

करडेकाकांकडून फीडबॅक फॉर्म भरून घ्यायला मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. ‘प्रवास कसा झाला?’ पुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘झाला.’ ‘सुधारणा सुचवा’ या चौकटीत लिहिलं होतं, ‘पुढच्या वेळी गाडी घरापर्यंत आणावी. बोळातून मी काढून देतो.’

मी बोळ मोजून आले. यार्डात फक्की मारली. शेपटी दीड फूट बाहेर जाते. तिथे दरी नाही, शेजारच्या जोशीबाईंचा ओटा आहे. इस्माईलभाई म्हणाले, त्यापेक्षा दरी बरी.